प्रसारण उद्योगातील उदग्र संयोग

कार्यक्रमाच्या निर्मितीपासून तो श्रोत्याच्या वा प्रेक्षकाच्या घरातील संचापर्यंत पोहोचविण्यापर्यंतचे सर्व टप्पे एकाच मालकीखाली किंवा नियंत्रणाखाली आणणारी व्यावसायिक रचना. कार्यक्रमनिर्मिती, वाहिनीचे संयोजन, उपग्रह अथवा प्रक्षेपक यांच्याद्वारा संदेशवहन, केबल वा छत्रीमार्फत घरोघरी वितरण आणि वर्गणीची वसुली हे या साखळीतील प्रमुख दुवे होत. औद्योगिक अर्थशास्त्रात एकाच टप्प्यावरील प्रतिस्पर्धी संस्था एकत्र आल्यास त्यास क्षैतिज संयोग म्हणतात. एकापाठोपाठ येणारे टप्पे एका हाती आल्यास त्यास उदग्र किंवा उभा संयोग अशी संज्ञा आहे. एकाच मालकाकडे वृत्तपत्र, नभोवाणी केंद्र व दूरचित्रवाणी वाहिनी असणे हा याहून निराळा प्रकार असून त्यास बहुमाध्यम स्वामित्व म्हणता येईल. उदा., सोलापुरात दैनिक भास्कर समूहाचे दिव्य मराठी हे दैनिक व त्याच समूहाचे माय एफएम हे नभोवाणी केंद्र अशी दोन्ही माध्यमे आहेत. ही जोडी बहुमाध्यम स्वामित्वाची आहे, उदग्र संयोगाची नव्हे. व्यवहारात मात्र हे तिन्ही प्रकार बहुधा एकमेकांत मिसळलेले आढळतात.

सोलापूरसारख्या वस्त्रोद्योगाच्या शहरास ही कल्पना अपरिचित नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या व ‘जुनी गिरणी’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिलेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीत सूत कातणे आणि कापड विणणे ही कामे एकाच आवारात व एकाच व्यवस्थापनाखाली होत असत. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या व यंत्रमागांचा जम बसला, तेव्हा ही साखळी सुटी झाली. सूत व्यापाऱ्याकडून, रंगणी दुसऱ्याकडे, विणकाम लहान कारखान्यात आणि चादरी-टॉवेलांची विक्री पेढीवर अशी कामांची वाटणी झाली. वस्त्रोद्योगात कोणता दुवा कोणाच्या हाती आहे, यावर विणकराची मिळकत ठरते. प्रसारणात त्यावर मिळकतीबरोबरच आणखी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे त्या विणकराच्या घरी संध्याकाळी काय दिसेल आणि काय दिसणार नाही. या विषयास निव्वळ व्यापारापलीकडचे महत्त्व येते ते यामुळेच.

संयोगामागील अर्थकारण : मालिका वा चित्रपट तयार करण्याचा जवळजवळ सर्व खर्च पहिल्या प्रतीवर होतो. ती प्रत एका घरात दाखविली काय किंवा एक कोटी घरांत दाखविली काय, निर्मितीचा खर्च फारसा बदलत नाही. त्यामुळे निर्मात्याची मुख्य चिंता असते ती माल खपण्याच्या वाटेची. वाहिनीच्या मालकास याच्या उलट चिंता असते : दररोज अनेक तासांचा कार्यक्रम अखंड मिळाला पाहिजे आणि तो प्रतिस्पर्ध्याकडे जाता कामा नये. वितरकाने आपले जाळे उभारण्यात मोठे भांडवल गुंतविलेले असते. त्याला लोकप्रिय वाहिन्यांची हमी हवी असते. तिघे स्वतंत्र असतील, तर प्रत्येक टप्प्यावर करार, घासाघीस व नफ्याची वेगळी आकारणी होते. तिघे एकत्र आले, म्हणजे ही अनिश्चितता संपते, जाहिरातदारास एकगठ्ठा सवलत देता येते आणि एका दुव्यावरील तोटा दुसऱ्या दुव्यावरील नफ्यातून भरून काढता येतो. ग्राहकाच्या दृष्टीने यातून क्वचित किंमत उतरूही शकते. संयोगाचे समर्थक या मुद्द्यावर भर देतात आणि तो सर्वस्वी खोटा नाही.

दोष आहे तो अरुंद दुव्यात. साखळीतील एखादा टप्पा असा असतो, की तेथे पर्यायी वाट नसते किंवा ती काढणे फार खर्चाचे असते. त्या टप्प्याचा मालक स्वतःच माल विकणाराही असेल, तर तो इतरांच्या मालास जागा नाकारू शकतो, उशिरा देऊ शकतो, महाग देऊ शकतो अथवा कोपऱ्यातील जागा देऊ शकतो. उलट दिशेनेही अडवणूक होते : लोकप्रिय वाहिन्यांचा मालक आपल्या वितरण कंपनीच्या स्पर्धकास त्या वाहिन्या देण्याचे टाळतो. प्रसारणाच्या इतिहासातील बहुतेक कायदे व तंटे या दोन प्रकारच्या अडवणुकींभोवती फिरत आले आहेत.

पूर्वेतिहास : नभोवाणीचा जन्मच अशा संयोगातून झाला. ब्रिटनमध्ये १९२२ साली स्थापन झालेली ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी ही ग्राहकसंच तयार करणाऱ्या कारखानदारांनी काढली होती. कार्यक्रम हे संच खपविण्याचे साधन होते. १ जानेवारी १९२७ रोजी तिचे सार्वजनिक महामंडळात रूपांतर झाले. अमेरिकेत रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही कंपनी संच विकत असे, केंद्रे चालवीत असे आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या एनबीसी या तिच्या संस्थेमार्फत देशभरच्या केंद्रांना कार्यक्रमही पुरवीत असे. तेथील संघराज्य आयोगाने १९४१ मध्ये केलेल्या नियमांमुळे तिला आपल्या दोन जालांपैकी एक १९४३ मध्ये विकावे लागले व त्यातून एबीसी ही संस्था उदयास आली. चित्रपटगृहे, वितरण व निर्मिती एका हाती ठेवणाऱ्या हॉलिवुडच्या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये निर्णय दिला. १९७० मध्ये दूरचित्रवाणी जालांना कार्यक्रमांच्या मालकीत व पुनर्विक्रीत हिस्सा घेण्यास मज्जाव करण्यात आला. १९९० नंतरच्या दशकात ही बंधने उठली व त्यानंतर लवकरच डिझ्नी या चित्रपटसंस्थेने एबीसी विकत घेतली.

भारतात इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी संस्थेचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. संचांची संख्या अल्प व परवाना शुल्काचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने १९३० मध्ये ती मोडीत निघाली आणि सरकारने केंद्रे आपल्याकडे घेतली. १९३६ मध्ये या सेवेस ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. यापुढे अर्धशतकाहून अधिक काळ देशातील प्रसारणसाखळी संपूर्णपणे शासनाच्या हाती होती. ध्वनिमुद्रणाची दालने, नोकरीतील कलावंत, वृत्तविभाग, प्रक्षेपक हे सर्व शासनाचे. इतकेच नव्हे, तर घरी संच ठेवण्यास लागणारा परवानाही टपाल कार्यालयातून घ्यावा लागे. ही परवाना पद्धत १९८५ मध्ये रद्द झाली. उदग्र संयोगाची इतकी पूर्ण मूर्ती खाजगी भांडवलास पुढे कधीही घडविता आली नाही. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत व २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन ही आकाशवाणीपासून वेगळी संस्था झाली, पण मालक तोच राहिला. अशोक चंदा समितीने १९६६ मध्ये, तसेच आणीबाणीनंतर नेमलेल्या वर्गीस समितीने १९७८ मध्ये स्वायत्ततेच्या शिफारशी केल्या. प्रसार भारती अधिनियम १९९० मध्ये संमत होऊनही तो अंमलात येण्यास १९९७ उजाडले. आणीबाणीच्या काळात एका हाती असलेल्या साखळीचा वृत्तांवर काय परिणाम होतो हे अनुभवास आले होते. तरीही हा विलंब झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शासकीय साखळीचा पहिला दुवा सुटला तो निर्मितीचा. जुलै १९८४ मध्ये सुरू झालेल्या हम लोग या मालिकेपासून प्रायोजित मालिकांची प्रथा पडली व बाहेरचे निर्माते दूरदर्शनला कार्यक्रम पुरवू लागले. दुसरा दुवा न्यायालयात तुटला. नोव्हेंबर १९९३ मधील हीरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने एका परदेशी संस्थेस दिले, तेव्हा उपग्रहाकडे चित्रसंदेश पाठविण्याची परवानगी व साधनसामग्री यांवरून सरकारशी तंटा उद्भवला. त्यावर ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले आणि तिचे नियंत्रण स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावे, असा निर्देश दिला. शासनाची मक्तेदारी या निर्णयाने अमान्य केलीच. परंतु कोणाही खाजगी मालकाची मक्तेदारी तितकीच घातक ठरेल, हा विचारही त्यात आहे. या दुसऱ्या भागाचे स्मरण पुढील काळात फारसे ठेवले गेले नाही.

केबलचा दुवा : १९९१ नंतर परदेशी भूमीवरून उपग्रहामार्फत येणाऱ्या वाहिन्यांना भारतात कोणतेही वितरणजाल नव्हते. ते आयते मिळाले गल्लीतील केबलचालकांकडून. व्हिडिओ संचावर चित्रपट लावून तारेने शेजारच्या घरांत दाखविणारे हे तरुण व्यावसायिक एक मोठी छत्री उभारून वाहिन्या उतरवू लागले. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाल अधिनियमाने त्यांना टपाल कार्यालयात नोंदणी करणे बंधनकारक झाले. गच्चीवरून गच्चीवर जाणारी तार, महिन्याच्या वर्गणीसाठी दारावर येणारा माणूस आणि तक्रार केल्यास शिडी घेऊन येणारा त्याचा मदतनीस ही सोलापूरसह महाराष्ट्रातील सर्व शहरांची परिचित व्यवस्था होती. प्रसारणसाखळीतील हा एकच दुवा स्थानिक लोकांच्या मालकीचा होता.

जुन्या पद्धतीच्या तारेतून फार तर ऐंशी-शंभर वाहिन्या जात. त्यांतही पहिल्या दहा-बारा जागांचे मोल वेगळे होते. कारण जुन्या संचांना वरच्या पट्ट्यातील वाहिन्या एकतर दिसत नसत किंवा मुंग्या आल्यासारख्या दिसत. त्यामुळे कोणती वाहिनी कितव्या जागी लावावी, हा निर्णय म्हणजे पैसा झाला. वाहिन्या केबल कंपन्यांना त्यासाठी कॅरेज फी देऊ लागल्या. दुसरीकडे केबलचालक ग्राहकांची संख्या कमी दाखवितात, अशी वाहिन्यांची कायमची तक्रार असे व तीत तथ्यही होते. या अविश्वासातून मोठ्या माध्यमसमूहांनी वितरणाचाच दुवा ताब्यात घेण्याचे धोरण आखले. अनेक केबलचालकांना एकाच मुख्य केंद्रावरून संदेश पुरविणाऱ्या मल्टी सिस्टिम ऑपरेटर कंपन्या, म्हणजेच एमएसओ, निघाल्या आणि गल्लीतील चालक हा हळूहळू त्यांचा वसुली प्रतिनिधी बनला.

एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यातील अडतीस शहरांत केबलचे अंकीकरण सक्तीचे झाले. त्या यादीत सोलापूर होते. प्रत्येक घरी सेट टॉप बॉक्स आला, वाहिन्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली आणि ग्राहकसंख्या लपविणे अशक्य झाले. या सुधारणेचा एक परिणाम मात्र फारसा चर्चिला गेला नाही. अंकीय मुख्य केंद्र उभारण्याचा खर्च लहान चालकास पेलणारा नव्हता. त्यामुळे स्वतःची छत्री असलेले अनेक स्वतंत्र चालक मोठ्या कंपन्यांना जोडले गेले. कोणत्या घरात कोणती वाहिनी किती वेळ चालते, याच्या नोंदींचा मार्गही यापुढे वरच्या दुव्याकडे खुला झाला.

झी समूहाची साखळी : मराठी प्रेक्षकांच्या दृष्टीने उदग्र संयोगाचे ठळक उदाहरण झी समूहाचे आहे. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही ही वाहिनी सुरू झाली. त्या काळी भारतातून उपग्रहाकडे संदेश पाठविण्यास खाजगी संस्थांना परवानगी नसल्याने कार्यक्रमांच्या ध्वनिचित्रफिती परदेशी पाठवाव्या लागत. पुढे समूहाने सिटी केबल ही वितरण कंपनी उभारली. १९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी निघाली व २००५ मध्ये तिचे नाव झी मराठी असे झाले. २००३ मध्ये समूहाची डिश टीव्ही ही छत्रीद्वारा थेट घरपोच सेवा सुरू झाली. चित्रपटनिर्मिती, चित्रपटवितरण व संगीत यांसाठीही वेगळ्या संस्था होत्या.

या साखळीचे काम कसे चालते हे सैराट (२०१६) या चित्रपटावरून स्पष्ट होते. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचे. नायिकेची भूमिका करणारी रिंकू राजगुरू अकलूजची. आणि बरेचसे चित्रीकरणही करमाळा परिसरातच झाले. निर्मितीत मंजुळे यांच्या आटपाट या संस्थेबरोबर झी समूहाची संस्था भागीदार होती. वितरण झी स्टुडिओजने केले, गाणी झी म्युझिक कंपनीने प्रकाशित केली आणि दूरचित्रवाणीवर तो झी मराठीवरून दाखविला गेला. पुढे त्याच्या हिंदी रूपांतराच्या (धडक, २०१८) निर्मितीतही झी स्टुडिओज होता. एका तालुक्यातील कथा, भाषा व चेहरे इतक्या अल्प काळात सर्व महाराष्ट्रात पोहोचले याचे श्रेय कलाकृतीस आहेच. परंतु निर्मितीपासून घरातील पडद्यापर्यंतची वाट एकाच समूहाच्या आवाक्यात होती, हेही त्याचे एक कारण होय. अशी साखळी नसती, तर नवख्या कलावंतांच्या मराठी चित्रपटास इतक्या चित्रपटगृहांचे दरवाजे उघडले असते की नाही, याची शंका आहे. दुसरी बाजू अशी, की ज्या निर्मात्यास या साखळीत प्रवेश मिळत नाही, त्यास तोच दरवाजा भिंतीसारखा वाटतो. मालिकांच्या क्षेत्रात ही विषमता अधिक जाणवते. वाहिनी मालिका करवून घेते, प्रत्येक भागामागे ठराविक रक्कम देते आणि स्वामित्वहक्क बहुधा स्वतःकडे ठेवते. पुनःप्रक्षेपण, भाषांतर व आंतरजालावरील वापर यांतील मिळकतीत निर्मात्याचा वा लेखकाचा वाटा अल्प राहतो. २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना, चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापराच्या मानधनातील समान वाटा सोडून देता येणार नाही, असे संरक्षण दिले. साखळीच्या मालकाशी एकट्याने करार करणाऱ्या कलावंतास याची गरज किती होती, हे सांगावयास नको.

ही साखळी टिकली मात्र नाही. २००६ च्या सुमारास वाहिन्या, केबल व घरपोच सेवा यांच्या स्वतंत्र कंपन्या करण्यात आल्या. २०१९ मध्ये मूळ एस्सेल समूह कर्जाच्या बोजाखाली सापडला, प्रवर्तकांना समभाग विकावे लागले आणि केबल कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. सर्व दुवे एका हाती असले, म्हणजे एका दुव्यावरील कर्जाचा भार सर्वांवर पडतो. संयोगाच्या फायद्यांची गणना करताना ही बाब सहसा वगळली जाते.

रामोजी समूह व ईटीव्ही मराठी : दुसरे उदाहरण सोलापूरच्या पूर्वेकडील शेजाराचे, म्हणजे हैदराबादचे आहे. रामोजी राव यांनी १९७४ मध्ये विशाखापट्टणम् येथे ईनाडु हे तेलुगू दैनिक काढले. त्यानंतर उषाकिरण मूव्हीज ही निर्मितिसंस्था, चित्रपटवितरण संस्था, १९९५ मध्ये ईटीव्ही ही तेलुगू वाहिनी व १९९६ मध्ये हैदराबादजवळ रामोजी फिल्म सिटी ही विस्तीर्ण चित्रनगरी असा विस्तार झाला. जुलै २००० मध्ये याच समूहाने ईटीव्ही मराठी सुरू केली. येथे वितरणाचा दुवा नव्हता, पण निर्मितीचा पाया अत्यंत मजबूत होता. एकाच चित्रनगरीतील दालने, साधने, तंत्रज्ञ व संकलनकक्ष अनेक भाषांतील वाहिन्यांसाठी वापरता येत. मराठी वाहिनीचे केंद्र मराठी प्रदेशाबाहेर असावे, ही गोष्ट मुंबई-पुण्यास विचित्र वाटली असेल. विणकर पद्मशाली समाजाच्या रूपाने तेलुगू भाषा पिढ्यान्‌पिढ्या ज्या शहरात नांदत आहे, त्या सोलापूरला ती तितकी वाटण्याचे कारण नव्हते.

२०१२ मध्ये या समूहाच्या तेलुगूखेरीज इतर भाषांतील वाहिन्या नेटवर्क१८ समूहाने घेण्याचे जाहीर केले. २०१४ मध्ये तो व्यवहार पुरा झाला व त्याच वर्षी नेटवर्क१८ चे नियंत्रण रिलायन्स उद्योगसमूहाकडे गेले. २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीचे नाव कलर्स मराठी असे बदलण्यात आले. निर्मितीच्या टोकाकडून बांधलेल्या साखळीतील दुवा अशा रीतीने वहनाच्या टोकाकडून बांधल्या जाणाऱ्या साखळीत गेला.

रिलायन्सचा मार्ग पूर्वीच्या सर्वांहून वेगळा आहे. दूरध्वनी व आंतरजाल यांचे देशव्यापी जाल प्रथम उभे राहिले, मग ऑक्टोबर २०१८ मध्ये डेन व हॅथवे या दोन मोठ्या केबल कंपन्यांतील बहुसंख्य भाग घेण्याचे जाहीर झाले. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हायकॉम१८ व डिझ्नीची स्टार इंडिया यांचे विलीनीकरण पूर्ण होऊन जिओस्टार ही संयुक्त कंपनी अस्तित्वात आली. व्यवहारात तिचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरण्यात आले होते. भारतीय स्पर्धा आयोगाने या संयोगास ऑगस्ट २०२४ मध्ये काही अटींवर मान्यता दिली होती. २०२२ च्या लिलावात इंडियन प्रीमियर लीगचे भारतातील दूरचित्रवाणी हक्क स्टारने व आंतरजालीय हक्क व्हायकॉम१८ ने घेतले होते. ते दोन्ही यामुळे एकाच घरात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार ही एकत्रित आंतरजालीय सेवा सुरू झाली. सामन्याचे हक्क, तो दाखविणारी वाहिनी, ती घरी आणणारी केबल, भ्रमणध्वनीवर तो दाखविणारी सेवा आणि त्या भ्रमणध्वनीस लागणारे जाल, हे सर्व एका समूहाच्या नियंत्रणाखाली असण्याची ही अवस्था भारतात खाजगी क्षेत्रात पूर्वी कधीही नव्हती.

कायद्याची चौकट : दक्षिणेत तमिळनाडूत सन टीव्ही व त्याच मालकांची सुमंगली केबल यांच्या संयोगावरून इतके वादंग माजले, की राज्य शासनाने २००७ मध्ये स्वतःची केबल कंपनी काढली, तथापि मक्तेदारीवर उपाय म्हणून सत्ताधाऱ्यांच्या हाती दुसरे जाल देणे हा पर्याय निर्दोष नव्हे. केंद्र शासनाने मार्च २००१ मध्ये घरपोच उपग्रह सेवेसाठी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, प्रसारण वा केबल कंपन्यांचा अशा सेवेतील हिस्सा वीस टक्क्यांहून अधिक नसावा, अशी मर्यादा घातली. २००६ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्काय या सेवेत स्टारचा हिस्सा नेमका वीस टक्के होता, तो यामुळेच. केबल व वाहिनी यांच्यातील परस्पर मालकीस मात्र अशी मर्यादा लावली गेली नाही. शिवाय हिश्शाची मोजणी कंपनीपुरती असल्याने, एकाच कुटुंबाच्या हातातील दोन वेगळ्या कंपन्या तिच्या कक्षेतून सुटत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २००९ व २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीविषयी शिफारशी केल्या. ‘मालकी’पेक्षा ‘नियंत्रण’ मोजले पाहिजे, हा २०१४ च्या शिफारशींतील विचार मूलगामी होता. त्यांचे सर्वंकष कायद्यात रूपांतर झाले नाही.

मालकीवर बंधन घालण्याऐवजी व्यवहारावर बंधन घालण्याची रीत भारतात अधिक रुजली. २००४ च्या विनियमांनी वाहिन्यांना सर्व वितरकांस भेदभाव न करता आपला संदेश देणे भाग पाडले. २०१७ मध्ये केलेल्या व १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्यक्ष अंमलात आलेल्या विनियमांनी उलट बाजूचीही व्यवस्था केली : वितरकाने जागा असेल तेथवर मागणी करणाऱ्या वाहिनीस क्रमाने स्थान द्यावे, साध्या वाहिनीसाठी कॅरेज फी दर ग्राहकामागे महिना वीस पैशांहून अधिक नसावी, वाहिनीची कमाल किंमत जाहीर असावी व ग्राहकास सुटी वाहिनी निवडता यावी. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जाल शुल्काची १३० रुपयांची मर्यादाही त्यात होती; ती २०२४ मध्ये काढून घेण्यात आली. आंतरजालावरून दाखविल्या जाणाऱ्या सेवांना यांपैकी कोणताच नियम लागू नाही. म्हणजे साखळीचा जो दुवा सर्वांत वेगाने वाढत आहे, तोच या चौकटीबाहेर आहे.

त्रैभाषिक शहरातील परिणाम : सोलापुरात मराठी, कन्नड व तेलुगू या भाषा एकाच गल्लीत, कधीकधी एकाच घरात ऐकू येतात. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या भागांत कन्नडचे प्राबल्य आहे, तर शहराच्या पूर्व भागातील विणकर वस्तीत तेलुगूचे. जुन्या तारेच्या काळात गल्लीचा केबलचालक आपल्या ग्राहकांची भाषा ओळखून वाहिन्या लावीत असे; राज्याच्या सीमेशी त्यास कर्तव्य नव्हते. अंकीकरणानंतर वाहिन्यांचे गठ्ठे मुख्यतः राज्य व भाषा यांनुसार बांधले जाऊ लागले. तीन भाषांच्या घरास तीन गठ्ठे घ्यावे लागतात किंवा सुट्या वाहिन्यांची बेरीज करावी लागते. गठ्ठ्यात सवलत असल्याने सुटी निवड बहुधा महाग पडते आणि गठ्ठ्यात न मागितलेल्या वाहिन्याही येतात. अशा वेळी घरातील वृद्धेची वाहिनी आधी कापली जाते. मातृभाषा केवळ बोलण्यात उरलेल्या व लिपी न शिकलेल्या पिढीच्या दृष्टीने ही हानी लहान नाही, कारण दूरचित्रवाणी हाच तिचा त्या भाषेच्या प्रमाण रूपाशी असलेला मुख्य संबंध होय.

भाषा तीन असल्या, तरी मालक तितके वेगळे नाहीत. स्टार प्रवाह, स्टार सुवर्ण व स्टार मा या अनुक्रमे मराठी, कन्नड व तेलुगू वाहिन्या एकाच कंपनीच्या आहेत. झी मराठी, झी कन्नड व झी तेलुगू यांचे तसेच आहे. सन समूहाच्या उदया व जेमिनी या वाहिन्यांच्या जोडीस २०२१ मध्ये सन मराठी आली. एकाच कथानकाच्या मालिका भाषा बदलून या वाहिन्यांवर फिरत असतात; ते अर्थशास्त्राच्या दृष्टीने स्वाभाविक आहे, कारण पहिल्या प्रतीचा खर्च त्यामुळे तिहींत वाटला जातो. तीन भाषा जाणणाऱ्या सोलापूरकरास मात्र वाहिनी बदलूनही तीच गोष्ट भेटण्याचा अनुभव इतर शहरांतील प्रेक्षकांपेक्षा अधिक येतो.

स्थानिक बातम्यांच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. राज्यस्तरीय वाहिन्यांवर सोलापूरची वार्ता येते ती आषाढी वारी, उजनी धरणाचा पाणीसाठा किंवा निवडणूक यांच्या निमित्ताने. शहराचा पाणीपुरवठा, महापालिकेची सभा, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, यंत्रमाग कामगारांचा संप यांचे रोजचे चित्रण केबल कंपन्यांच्या स्वतःच्या स्थानिक वाहिन्यांवरच होत आले आहे. अशा वाहिनीत वार्ताहर, चित्रक, निवेदक, जाहिराती व तार हे सर्व एकाच मालकाचे असते. म्हणजे हाही उदग्र संयोगच, फक्त लहान आकाराचा. त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. त्याचबरोबर स्थानिक राजकारणाशी या मालकांचे संबंध निकटचे असू शकतात आणि प्रतिस्पर्धी बातमीपत्रास त्याच तारेवर जागा मिळविणे अवघड असते. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या वाहिन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार त्यांची नोंदणी आवश्यक झाली व त्यांची संख्या एकूण वहनक्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आली. खाजगी नभोवाणी केंद्रांना स्वतःची वृत्ते देण्यास मनाई असून केवळ आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी पुनःप्रक्षेपित करण्याची मुभा आहे. त्यामुळे शहराच्या बातम्या ऐकण्यासाठी नभोवाणीवर आकाशवाणीखेरीज दुसरा आवाज नाही.

साखळीबाहेर राहू इच्छिणाऱ्या प्रेक्षकासाठी प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा उपलब्ध आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेस मासिक वर्गणी नाही. छत्री व संच एकदा विकत घेतले की पुरते. दूरदर्शनचे जमिनीवरील जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतांशी बंद झाल्यानंतर विनाशुल्क दूरचित्रवाणीचा तोच मुख्य मार्ग उरला. खाजगी वाहिन्यांना तीवरील जागा लिलावाने दिल्या जातात. २०२२ मध्ये मोठ्या समूहांनी आपल्या काही लोकप्रिय वाहिन्या तीवरून काढून घेतल्या, कारण विनाशुल्क मिळणारी वाहिनी त्यांच्या वर्गणीच्या साखळीस बाधक ठरत होती.